जुना डेस्कटॉप मध्येच बंद पडतो, हँग होतो : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न आठ-दहा वर्षे वापरलेल्या डेस्कटॉपविषयी आहेत. संगणक बंद पडतो, हँग होतो, निळा पडदा येतो, हे सर्वांनी नीट लिहिले आहे. पण ते नेमके केव्हा होते हे फार थोड्यांनी कळवले आहे. सुरू करताना, काही वेळाने, की कामाचा ताण वाढल्यावर, यावरूनच दोष कोणत्या भागात आहे याचा निम्मा उलगडा होतो. म्हणून प्रश्न पाठवताना ती नोंद जरूर द्यावी.

प्रश्न : माझा संगणक २०१४ मध्ये जोडून घेतलेला, चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा आहे. एरवी तो नीट चालतो. मात्र व्हिडिओ रेंडर करायला (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करायला) लावला की काही मिनिटांत एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. विंडोज दोनदा नव्याने टाकूनही फरक पडला नाही.

उत्तर : ही ४१ क्रमांकाची नोंद पुढच्या वेळी संगणक सुरू होताना लिहिली जाते आणि तिचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाली नव्हती, कारण ती सांगत नाही. निळा पडदा न येता संगणक क्षणात विझतो, म्हणजे विंडोजला काही कळण्याआधीच वीज तुटते. हा दोष विंडोज पुन्हा टाकून जाणार नाही. संशय दोघांवर घ्यावा : उष्णता आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा).

उष्णता आधी तपासावी, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. रेंडर चालू असताना एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचे तापमान पाहत राहावे. तुमच्या पिढीचे प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही ताप वाढला तरच यंत्रणा बंद पाडतात. तापमान ९५ च्या पुढे जात असेल तर धूळ काढावी, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता खेचणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) चारही प्लॅस्टिक खुंट्या बोर्डात पूर्ण बसल्या आहेत का हे पाहावे. एक जरी उचकटलेली असली तरी हीटसिंक तिरका बसतो. बंद पडण्याच्या क्षणी तापमान सत्तरच्या घरात असेल, तर प्रोसेसरच्या उष्णतेवरचा संशय सोडून एसएमपीएसकडे वळावे.

एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवर, ताण असताना, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत दाब मिळायला हवा. तो याबाहेर गेला तर निदान पक्के झाले. आत असला तरी मात्र एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. जुन्या कपॅसिटरमुळे (वीज साठवून दाब स्थिर ठेवणाऱ्या भागांमुळे) दाबात वेगाने होणारे चढउतार त्याला दिसत नाहीत. खरी परीक्षा एकच : पुरेशा क्षमतेचा, चांगला असल्याची खात्री असलेला दुसरा एसएमपीएस दोन दिवस लावून तेच रेंडर चालवून पाहणे. या काळात दुसरे काहीही बदलू नये. जुना एसएमपीएस घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो.

प्रश्न : रॅमची दुसरी पट्टी बसवल्यापासून निळा पडदा येतो, पण दर वेळी त्यावरचा संदेश वेगळा असतो. आम्ही रत्नागिरीत राहतो. पावसाळ्यात त्रास वाढतो.

उत्तर : संदेश दर वेळी बदलतो हीच मोठी खूण आहे. ड्रायव्हरचा दोष बहुधा तोच तो संदेश देतो. रॅम बिघडली की जे काम त्या क्षणी चालू असेल ते कोसळते. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती चूकच मानावी. मग एकेक पट्टी त्याच स्लॉटमध्ये तपासावी आणि नंतर चांगली ठरलेली पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवावी. दोष पट्टीचा की स्लॉटचा हे त्यातून वेगळे होते. दोन्ही पट्ट्या स्वतंत्रपणे चांगल्या आणि एकत्र मात्र नापास, असेही घडते. तेव्हा बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचा वेग एक पायरी कमी करून पाहावा.

किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत पट्टीच्या संपर्कपट्ट्यांवर थर जमतो. प्लग काढून, पट्टी बाहेर घेऊन त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. खोडरबर वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि भुगा स्लॉटमध्ये पडतो. मी तो सुचवत नाही.

प्रश्न : थंडीत सकाळी बटण चार-पाच वेळा दाबावे लागते. एकदा सुरू झाला की दिवसभर उत्तम चालतो. तारीखही मागची दिसते.

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. तारखेसाठी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलावा. त्याआधी बायोसच्या सर्व पानांचे फोटो काढून ठेवावेत. सेल निघाल्यावर सेटिंग मूळ स्थितीत जाते आणि साटाची (हार्डडिस्कच्या जोडणीची) पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली तर विंडोज सुरूच होत नाही, मग हार्डडिस्क गेली असे समजून माणूस घाबरतो. सकाळच्या त्रासाचे कारण बहुधा सुकत चाललेले कपॅसिटर आहेत. थंडीत त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, गरम झाल्यावर कमी होतो. बोर्डवरच्या कपॅसिटरची टोपी फुगली आहे का, तपकिरी डाग आहे का, हे पाहावे. बोर्ड स्वच्छ दिसला तर आधी एसएमपीएस बदलून पाहावा.

प्रश्न : कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. हे चालायचेच का?

उत्तर : नाही. कृपया तो वापरणे आजच थांबवावे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर मुख्य दाबाच्या जवळपास निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट, दाब येतो. त्यातला प्रवाह क्षीण असतो, पण आत खरोखर इन्सुलेशन तुटलेले असेल तर तोच स्पर्श जीवघेणा ठरेल, आणि हा फरक हाताने कळत नाही. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे छिद्र असते, मागे तार मात्र नसते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडून देण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवला तर ठाम नकार द्यावा.

प्रश्न : फाइल उघडताना संगणक अर्धा मिनिट थिजतो आणि पुन्हा चालू लागतो. हार्डडिस्क बदलावी का?

उत्तर : आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी, ती होईपर्यंत चेकडिस्क (डिस्कची तपासणी) किंवा डीफ्रॅग (फाइलींची फेरमांडणी) चालवू नये, कारण मरू घातलेल्या डिस्कला त्याचा ताण सोसत नाही. नंतर डिस्कची प्रकृती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडावा. ०५, सी५ किंवा सी६ या, डिस्कचे खराब भाग मोजणाऱ्या ओळींतली कच्ची संख्या (रॉ व्हॅल्यू) शून्याहून अधिक असेल आणि वाढत असेल, तर डिस्क बदलावी, वर ‘गुड’ लिहिलेले असले तरीही. फक्त सी७ (डिस्कशी होणाऱ्या देवाणघेवाणीतल्या चुकांची संख्या) वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा असतो. ही संख्या केबल बदलल्यावर कमी होत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवावा, केबल बदलावी आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. आकडा तोच राहिला आणि थिजणेही थांबले, तर नव्या डिस्कचा खर्च करण्याचे कारण नाही.