चांगल्या गाईच्या वर्षाला दहा कालवडी?

प्रश्न : डॉक्टर, माझी एक गाय चौथ्या वेताची आहे, दूध जबरदस्त, पायाने मजबूत, आजवर कासेला काही झालं नाही. पण चार वेतांत तीन गोऱ्हे आणि एकच कालवड. आयव्हीएफ केलं, म्हणजे तिची स्त्रीबीजं काढून लॅबमध्ये भ्रूण बनवले आणि दुसऱ्या गाईंच्या पोटात वाढवले, तर वर्षाला आठ-दहा कालवडी मिळतात असं ऐकलं, खरंय का? गाईला त्रास होतो का? वडील म्हणतात साध्या गाईच्या पोटात वाढवलं की वासरू तिच्याच वळणावर जाणार, मग एवढा खटाटोप कशाला.
ता.क. एका गाईत दोन भ्रूण सोडले तर चान्स वाढेल ना?

उत्तर : आधी वडिलांचं बघू. वासराचे गुण येतात स्त्रीबीज जिचं तिच्याकडून आणि रेत ज्याचं त्या वळूकडून, पोटात वाढवणारी गाय तिचा एकही जीन देत नाही. पण म्हणून वडिलांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका, कारण नऊ महिने त्या वासराला तीच पोसते, व्याल्यावर चीकही तीच पाजते, त्यामुळे ती जर अशक्त असेल, जंताने खंगलेली असेल किंवा माज नीट दाखवत नसेल तर कितीही भारी भ्रूण ठेवा, फुकट जातो. लोक डोनर गाईची, म्हणजे जिची बीजं घेतात तिची, पूजा करतात आणि रेसिपियंट, म्हणजे भ्रूण पोटात वाढवणारी गाय, निवडताना जी रिकामी उभी असेल ती पुढे करतात. माझ्या मते अर्धे आयव्हीएफ तिथेच फसतात.

आता त्रासाचं. गाय क्रशमध्ये, म्हणजे हलता येऊ नये अशा खोड्यात, उभी करतात, शेपटीच्या मुळाशी भुलेचं इंजेक्शन देतात, डॉक्टर एका हाताने गुदद्वारातून अंडाशय पकडून ठेवतो आणि सोनोग्राफीच्या स्क्रीनवर काळे काळे गोल ठिपके दिसतात, ते स्त्रीबीजाचे फुगे. योनीच्या भिंतीतून बारीक सुई त्यात घालून आतलं पाणी ओढून घेतात, त्यातच स्त्रीबीजं येतात. साधारण अर्ध्या तासात गाय परत दावणीला, आणि अनुभवी हात असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा करता येतं. हात कच्चा असेल तर मात्र अंडाशयाला जखमा होतात, म्हणून कोण करणार हे आधी विचारा, रेट नंतर.

लॅबमध्ये ती बीजं जवळपास एक दिवस पिकवतात, मग रेताबरोबर ठेवतात आणि इन्क्युबेटरमध्ये 38.5 अंशावर, म्हणजे गाईच्या अंगातल्या उबेत, सात दिवस वाढवतात. सातव्या दिवशी भ्रूण सोडायचा तर रेसिपियंटही सात दिवसांपूर्वी माजावर येऊन गेलेली हवी, आणि ज्या बाजूच्या अंडाशयावर बीज सुटल्याची पिवळी गाठ सापडते त्याच बाजूच्या गर्भाशयाच्या शिंगात तो ठेवतात. एखादा दिवस इकडेतिकडे चालतं, जास्त नाही.

आकड्यांचं म्हणाल तर समजा एका वेळी 20 बीजं मिळाली, त्यातून सहाएक भ्रूण होतात, ते सहा गाईंत सोडले तर दोन, नशीब जोरावर असलं तर तीन गाभण राहतात. साधं रेत वापरलं तर त्यातली निम्मी गोऱ्हे. सेक्सेड सीमेन, म्हणजे कालवडीच व्हाव्यात म्हणून वेगळं केलेलं रेत, घेतलं तर 10 पैकी 9 कालवडी, पण त्यात भ्रूण जरा कमी बनतात. म्हणजे वर्षाला आठ-दहा कालवडी अशक्य नाहीत, पण त्यासाठी हे सगळं बरेच वेळा करावं लागतं आणि प्रत्येक भ्रूणाला एक तयार रेसिपियंट लागते. बऱ्याच गाई एका वेळी 20 बीजं देतही नाहीत, सहा-सातवर थांबतात, आणि हे आधी कळत नाही.

अजून एक, तुमची गाय खरंच भारी आहे का? दुधातला गाईगाईंमधला जो फरक असतो त्यातला साधारण 25 ते 35 टक्केच रक्ताचा असतो, बाकी चारा, गोठा, हवामान, सांभाळणारा माणूस. तुमच्याच गोठ्यात, तोच चारा खाऊन ती इतर गाईंच्या पुढे आहे का ते वेतागणिक नोंदवहीतून काढा. शिवाय वासराला तिचे निम्मेच गुण जातात, आणि सख्ख्या बहिणीही दुधाला सारख्या निघत नाहीत. निम्मा वाटा वळूचा, तिथे कंजूषी नको, आणि तो तिच्या जवळच्या नात्यातला नको.

ता.क. चं उत्तर : नाही, एकच सोडा. दोन्ही राहिले आणि एक नर एक मादी निघाली तर बहुतेक वेळा वारेतून दोघांचं रक्त मिसळतं आणि अशा 10 पैकी 9 कालवडी वांझ निघतात. सेक्सेड सीमेनमध्येही एखादा नर येतोच. कालवड दिसायला एकदम झकास असते, मोठी झाल्यावर माजावरच येत नाही तेव्हा कळतं.