उतर आणि ढकल

अगं,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, सायकल विकून टाकू का", आणि मी हसलो. ते चुकलंच. फोन ठेवल्यावर तुझी काकू मला म्हणाली, पोरगी रडवेली झाली होती आणि तुला हसू कसलं येतं. म्हणून हे लिहितोय. फोनवर मला धड बोलता येत नाही, एकतर भाषण देतो नाहीतर हसतो.

तुझं म्हणणं मला जे कळलं ते असं. ऑफिसातल्या पोरांबरोबर सी टू सी करायला निघालीस, म्हणजे इंग्लंडच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतची सायकलवाट, व्हाइटहेवनहून पूर्वेकडे, तीन दिवसांत सव्वादोनशे किलोमीटर. हार्टसाइड चढलीस, गॅरिगिलचा चढ चढलीस, ब्लॅक हिलचे ६०९ मीटर झाले, आणि स्टॅनहोपहून वर निघणाऱ्या क्रॉलीसाइडच्या चढावर दम संपला म्हणून उतरलीस. सायकल ढकलत असताना मागून कुठलातरी ग्रुप आला, त्यातला एकजण जाता जाता काहीतरी बोलला, बाकीचे हसले, आणि तू सायकल वळवून खाली गावात गेलीस आणि टॅक्सी केलीस. तेव्हापासून सायकल तुझ्या पॅसेजमध्ये उभी आहे आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालतेस. बरोबर?

उतरलीस ते बरोबर केलंस. मागे फिरलीस ते चुकलं. मला एवढंच सांगायचंय खरं तर, पण एवढ्यावर तू ऐकणार नाहीस, बापावर गेलीयेस.

हे मूर, म्हणजे इथलं डोंगरावरचं उघडं माळरान, कसं असतं ते तुला सांगायला नको, आपल्या कासच्या सड्यावर वाढलेली तू. तिथे जांभा, इथे पीटची काळी दलदली माती, तिथे सप्टेंबरात फुलं, इथे ऑगस्टमध्ये हेदरची जांभळी झुडपं. माणूस नाही, झाड नाही, वारा फुकट. आता यवतेश्वरचा घाट आठव. माझ्या लहानपणी कॅन लावलेले दूधवाले त्या घाटात सायकल ढकलतच वर जायचे, एक हात हँडलवर आणि एक हात मागच्या कॅरिअरवर. त्यांना कोणी हसल्याचं मला आठवत नाही. कोणी म्हणालं नाही की हा खरा सायकलवाला नाही. ती लाज आपल्याला इथे येऊन चिकटली, लायक्राच्या घट्ट सायकल-कपड्यांसोबत.

आणि आता तू ज्या चढावर उतरलीस त्याची गंमत ऐक. स्टॅनहोपच्या वरच्या खाणीतला चुनखडीचा दगड टाइन नदीवर न्यायला १८३४ मध्ये रेल्वे सुरू झाली, स्टॅनहोप अँड टाइन. त्या इंजिनिअर लोकांनी हाच डोंगर बघितला आणि ठरवलं की इथे इंजिन वॅगन ओढत चढणार नाही. मग काय केलं, तर चढाच्या टप्प्यावर आणि माथ्यावर वाफेची इंजिनं पक्की बसवली, क्रॉलीला एक आणि वेदरहिलला एक, आणि दोरखंडाने वॅगन वर खेचल्या. वेदरहिलचं ते इंजिन आज यॉर्कच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे, मी मुद्दाम बघून आलो, बराच वेळ समोर उभा होतो, काकू कंटाळून चहाला गेली. म्हणजे बघ, रेल्वेसुद्धा तिथे पेडल मारत गेली नाही. तिलाही कोणीतरी ढकललं. किंवा ओढलं, तेच ते.

पुढे हॉन्सगिलच्या दरीत तर सुरुवातीला पूलही नव्हता, वॅगन एकेक करून दरीत उतरवायच्या आणि पलीकडून वर ओढायच्या. वायडक्ट, म्हणजे दरीवरचा उंच पूल, आला १८५८ मध्ये. तोवर वीस-पंचवीस वर्षं लोक शांतपणे एकेक वॅगन वरखाली करत होते आणि तुला चाळीस मिनिटं चालायचं म्हटलं तर अपमान वाटतो.

रागावू नकोस. मी स्वतःवरच रागावलोय, आत्ता सांगतो.

जून २००८. मी आणि तुझी काकू, हाच चढ. तिची सायकल जड, पॅनिअर म्हणजे चाकाच्या बाजूच्या पिशव्या भरलेल्या, त्यात माझाही रेनकोट होता (हे तिने नंतर बऱ्याचदा ऐकवलंय). ती पहिल्याच वळणाला उतरली. मी उतरलो नाही. मी दात ओठ खाऊन, पुढचं चाक डावीउजवीकडे फिरवत, चालणाऱ्या माणसाच्या स्पीडने वर गेलो, खरं सांगायचं तर चालणाऱ्यापेक्षा हळू, आणि अर्ध्या चढावर उजव्या गुडघ्यात काहीतरी कट् झालं तरी उतरलो नाही. वर गेटपाशी जाऊन उभा राहिलो. घाम आलेला, वर वारा, पाच मिनिटांत कुडकुडायला लागलो. घड्याळ बघत होतो. ती पाऊण तासाने आली, गाल लाल, हसत हसत, आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मी म्हणालो, "किती वेळ!"

ती गप्प झाली. पुढचे दोन दिवस सायकल चालवली, पण माझ्याशी चढाबद्दल एक शब्द नाही बोलली आणि त्यानंतर माझ्याबरोबर टूरला आली नाही. आजतागायत. काय सांगायचं होतं ते मला सहा वर्षांनी कळलं, असंच भांडी घासताना. टिटवीच्या जातीचा इथला जो लॅपविंग असतो, त्याचं एक पिल्लू रस्त्याच्या कडेला तिच्या चाकापासून हातभर अंतरावर बसलं होतं, काड्यांसारखे पाय, डोक्यावर अंड्याच्या कवचाचा तुकडा चिकटलेला, आणि आई वर घिरट्या घालत ओरडत होती. ही उभी राहिली, पिल्लू हेदरमध्ये शिरेपर्यंत. मी त्याच जागेवरून वीसेक मिनिटं आधी गेलो होतो. मला पुढच्या चाकाखालचं डांबर दिसलं.

तुला वाटेल काका स्वतःला दोष देतोय. तसं नाहीये. मला थंडी वाजत होती, जॅकेट तिच्या पॅनिअरमध्ये होतं, अशा वेळी माणूस गोड बोलत नाही. आणि मी थांबलो होतो ना? पुढे निघून गेलो नव्हतो. पण गुडघा सहा महिने गेला, ते माझ्याच हट्टापायी, ते मान्य. फिजिओने विचारलं, उतरून चाललात का नाही? मला उत्तरच सुचलं नाही.

म्हणून उतर आणि ढकल. मांड्या पेटायच्या आधी उतर. शेवटचं गिअर संपल्यावर नाही, संपायच्या आधी, पाय अजून तुझे आहेत तोवर.

गिअरवरून आठवलं. तुझ्या सायकलला पुढे लहान चकती ३४ दात्यांची आणि मागे मोठी २८ची आहे, फोटोत मोजली मी. दोन पॅनिअर लावून मूरवर जायला हे गिअर म्हणजे चेष्टा आहे, ते दुकानदाराने सांगायला हवं होतं, त्याने विकायचं बघितलं. पुढची चकती मागच्यापेक्षा लहान पाहिजे, ३० आणि ३६ म्हण, आणि टायर ३५ मिलिमीटरचे घाल. त्याने चढ नाहीसा होत नाही. उतरायचं ते थोडं वर जाऊन उतरायचं, एवढाच फरक. आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा १:५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा घे, मोबाइल नको, त्या नकाशात चढाच्या रस्त्यांवर बाण असतात. एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ, दोन बाण म्हणजे २० च्या वर. बाण उताराच्या दिशेने असतो. एक बाण दिसला की विचार करायचा, दोन दिसले की आदल्या रात्रीच ठरवायचं की इथे चालायचंय. ठरवून चाललं की लाज वाटत नाही, हा माझा अनुभव, का ते विचारू नकोस.

आता रस्त्याचं. क्रॉलीसाइडला गाड्या असतात, बी रोड म्हणजे दुय्यम हमरस्ता आहे तो, आणि तुला त्या गाड्यांचीही भीती वाटली हे तू सांगितलं नाहीस पण मला कळलं. तिथून जायलाच पाहिजे असं कोण म्हणालं? स्टॅनहोपच्या आधीच्या रूकहोप गावाला आलीस की स्टॅनहोपला उतरूच नकोस. गावातूनच डावीकडे बोल्ट्स लॉची जुनी रेल्वेची वाट वर जाते, तीही दोरखंडाने ओढायचीच लाइन होती. डांबर नाही, सुटे दगडगोटे आहेत, रोड टायरवर चाक घसरतं, ऑफिसातली पोरं म्हणून तर रस्त्याने गेली. तिथे एकही गाडी नाही. शिकारीच्या सीझनमध्ये, म्हणजे १२ ऑगस्टपासून पुढे, आधी चौकशी करून जायचं, बाकी वर्षभर तू, मेंढ्या आणि ग्राउस पक्षी. ग्राउस पायाखालून फडफडत उठतो आणि 'गो बॅक, गो बॅक' ओरडतो. एवढा एकच आहे तिथे टोमणे मारणारा, त्याचंही ऐकू नकोस.

माथ्यावर इंजिन हाउसच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. त्यांच्या आडोशाला बसून खायचं, वारा बहुतेक पश्चिमेचा असतो म्हणून पूर्वेच्या बाजूला बस. तिथून पार्कहेडपर्यंत वाट जवळजवळ सपाट, मूरच्या पाठीवरून, दोन्हीकडे काहीही नाही. मग त्या जुन्या रेल्वेवरची सायकलवाट, वॉस्कर्ली वे, सुरू होते आणि कॉन्सेटपर्यंत पंधराएक किलोमीटर उतार, इतका हलका की ब्रेकही लागत नाही आणि पेडलही. चुनखडीच्या वॅगन इथूनच खाली जायच्या. कॉन्सेटचा स्टीलचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, आता तिथून सुंदरलंडपर्यंत रेल्वेची जुनी लाइन सायकलवाल्यांची आहे. म्हणजे क्रॉलीसाइडला तू मागे फिरलीस ना, तिथून तासभर ढकललं असतंस तर पुढे समुद्रापर्यंत मोठा चढच नव्हता. हे कळल्यावर मला तुझं इतकं वाईट वाटलं की काय सांगू. शेवटचा चढ होता गं तो.

त्या हसणाऱ्यांचं मी काही बोलणार नाही. त्यातला एक मीही असेन २००८ चा.

तर, सायकल विकू नकोस असं मी म्हणत नाही, तुझी सायकल आहे. पण टॉवेल काढ, चेन गंजेल. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी रूकहोपला येतोय, सकाळी नऊपर्यंत. थालीपिठं आणतो, लोणचं तू आण. आपण बोल्ट्स लॉच्या पायथ्यालाच उतरायचं, पहिल्या गेटपाशी, दमायच्या आधी.

काकूला विचारलं येतेस का. म्हणाली, तू पुढे जाऊन गेटपाशी उभा राहणार असशील तर नाही. नाही राहणार म्हटलं. बघू म्हणाली, आणि मघाशी गॅरेजमध्ये तिच्या सायकलच्या टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज आला. माझा रेनकोट मात्र मीच घेतोय.

तुझा
काका