ॲपवर सगळं मिळतं, मग गाणं विकत का घ्यायचं आणि घ्यायचं तर कशात?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की ज्या गाण्याशिवाय आपल्याला करमत नाही ते एकदा तरी पैसे मोजून घरात आणावं. त्यावर खूप मेसेज आले, काही भांडणारे पण होते. जमतील तेवढ्यांना उत्तरं देतेय.

ताई, मी डोंबिवलीला राहते, नोकरीला लागून वर्ष झालं. ॲपचे महिन्याचे पैसे भरते, हवं ते गाणं मिळतं. तरी मला रेकॉर्ड प्लेअर घ्यायचाय, तो सुटकेससारखा बंद होणारा. आई म्हणते जागा कुठेय. घेऊ का?

घे, पण सुटकेसवाला नको. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत स्वस्तातलं सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसवतात ती डबी, असतं, सुईचा भार चार-पाच ग्रॅमपर्यंत जातो. चांगल्या प्लेअरवर तो दीड-दोन ग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय स्पीकर त्याच डब्यात, म्हणजे स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोचते आणि आवाज गढूळ येतो. दोन-चार महिने थांब, थोडे पैसे साठव आणि ज्यात सुईचा भार कमीजास्त करता येतो नि सुई बदलता येते असा साधा प्लेअर घे, स्पीकर वेगळे.

तोवर रेकॉर्डी बघायला लाग. चोर बाजारात मटण स्ट्रीटला जा, घाई करू नको, आणि कव्हर बघून भाव कबूल करू नको. रेकॉर्ड बाहेर काढायला सांग. कडेला आणि मधल्या लेबलला धरायची, तळवा लागू द्यायचा नाही, आणि उजेडात तिरकी करून बघायची. केसासारख्या बारीक रेषा चालतात, पण जो ओरखडा नखाला लागतो तो सुईला लागणारच. मग डोळ्यासमोर आडवी धरून बघ, वाकलीय का. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढरट खुणांचं जाळं झालं असेल तर समज की ती भरपूर वाजलीय, बाहेरून कितीही चकचकीत दिसू दे. आणि आतली रेकॉर्ड कव्हरवरचीच आहे ना हे नक्की वाच, मी एकदा न वाचता पैसे दिले आणि घरी आल्यावर भलतीच निघाली.

जागेचं म्हणशील तर शंभर एलपींना, म्हणजे मोठ्या रेकॉर्डींना, साधारण हातभर फळी लागते, मात्र वजन वीस-पंचवीस किलो होतं, तेव्हा फळी भक्कम हवी. आणि उभ्याच ठेवायच्या, थप्पी लावली की खालच्या वाकतात.

ॲप बंद कर असं मी अजिबात म्हणणार नाही. नवीन काही शोधायला त्यासारखं दुसरं काही नाही, मी स्वतः रोज वापरते. पण ते भाड्याचं घर आहे हे लक्षात ठेव. विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं, लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या होत्या त्यात. माझ्या स्वतःच्या यादीतली एक ठुमरी, मी दुसऱ्याच एका ॲपवर ऐकायचे, एक दिवस करड्या अक्षरात दिसायला लागली, नाव आहे पण दाबलं तर वाजत नाही, कुणी काही कळवलं नाही. म्हणून म्हणते, हजारो गाणी भाड्याने ऐक, पण आपली अशी जी वीस-पंचवीस असतील ती घरात असू देत. कशात घ्यायची ते गाण्यावर आणि तुझ्याकडच्या मशीनवर ठरव.

सीडी घेण्यात आता काही अर्थ उरलाय का? आमच्या पार्ल्यात सोसायटीतले लोक रद्दीत टाकतायत.

मग त्या रद्दीवाल्याला गाठा आधी! मनापासून सांगते, शास्त्रीय ऐकणाऱ्याला आज सीडीइतकं स्वस्त आणि चांगलं काही नाही.

कुठल्या गाण्याला काय शोभतं ते मुळात वेळेवर ठरतं. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. गायकांनी त्या तेवढ्या वेळात राग उभा करायचं जे कसब कमावलं ते आज ऐकताना अंगावर काटा येतो. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली तिच्यात तीच आहे. मग एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, म्हणजे बडा ख्याल आणि छोटा ख्याल दोन्ही त्यात आटपायचे. प्रत्यक्ष मैफलीत जो विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल पाऊण तास चालतो तो तिथे मावणार कसा? १९८२ साली सीडी बाजारात आली, तिच्यात सलग चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात, मध्ये उठायचं नाही, बाजू उलटायची नाही, आणि मैफलीचं रेकॉर्डिंग असेल तर गवयाने सूर लावताना मागे तानपुरे जुळवतायत तेही ऐकू येतं.

म्हणून माझा साधा हिशोब: भावगीत, नाट्यपद, जुनी सिनेमाची गाणी रेकॉर्डवर घ्यावी, ती त्या मापातच जन्मली. लांब ख्याल, वाद्यवादन, मैफल सीडीवर. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये बूथमध्ये उभं राहून ऐकायचं नि मग ठरवायचं, ही सोय २०१६ ला दुकान बंद झालं तेव्हा गेली. पण ते ऐकून ठरवायचं काम आता ॲप करतं, तेवढं त्याच्याकडून करून घ्या.

जुनी सीडी घेताना लोक खालची बाजू बघतात. वरची बघा! चमकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो, त्यामुळे लेबलवरचा ओरखडा जास्त घातक. दिव्यासमोर धरा, टाचणीएवढी भोकं दिसली तर सोडून द्या. घरी आणली की कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये, काढून ठेवा, आणि घरी बर्न केलेल्या सीडी असतील तर त्या सगळ्यात आधी, त्या लवकर जातात.

फ्लॅक आणि ३२० केबीपीएस एमपीथ्रीत खरंच फरक कळतो का? मी कॉलेजला आहे, विरारवरून लोकलने येतो, ब्लूटूथ हेडफोन वापरतो.

लोकलमध्ये तुला नाही कळणार, मला पण नाही कळत. ब्लूटूथ बहुतेक वेळा आवाज पुन्हा दाबूनच पाठवतं. पण विकत घेताना मात्र फ्लॅक घे, कारण फ्लॅकवरून एमपीथ्री कधीही करता येते, एमपीथ्रीत जे गेलं ते परत येत नाही. साठवणीला फ्लॅक, फोनवर एमपीथ्री.

आजोबांच्या ७८च्या तबकड्या माळ्यावर सापडल्या. नव्या प्लेअरवर लावू का, आणि सॅनिटायझरने पुसल्या तर चालेल का?

नाही, आणि बिलकुल नाही! त्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलने पृष्ठभाग विरघळतो. मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा. एलपीची सुई त्या रुंद खाचेत तळाला घासते, त्यांना जाड सुई लागते आणि ७८चा वेग हवा, नव्या बऱ्याच प्लेअरवर तो नसतो. विकायच्या आधी कुणा जाणकाराला दाखवा, मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० मध्ये याच आवडीतून उभी राहिली.

आपण पैसे दिले तर त्यातलं कलाकाराला काही मिळतं का?

कुठे दिले त्यावर आहे. ॲपवर एकेका ऐकण्यामागे रुपयांत नाही, पैशांत मोजावं इतकं कमी पोचतं. बँडकॅम्पसारख्या, कलाकार थेट गाणी विकतात अशा साइटवर डिजिटल विक्रीतला दहा-पंधरा टक्के भाग साइट घेते, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकीचं कलाकाराच्या किंवा त्याच्या लेबलच्या हातात जातं आणि फाइल तुमची होते. कार्यक्रम संपल्यावर बाहेर टेबलावर सीडी किंवा पेनड्राइव्ह ठेवलेला दिसला तर तिथूनच घ्या.

गिरगावात तीन पिढ्या राहतोय. आता घर रिडेव्हलपमेंटला जातंय, तीनशे कॅसेटी आहेत, मुलगा म्हणतो टाकून द्या, सगळं नेटवर आहे. त्यात चार कॅसेटी आईने म्हटलेल्या ओव्यांच्या पण आहेत. काय करावं आम्हा काका-मंडळींनी?

काका, टाकू नका. मुलाचं निम्मं बरोबर आहे, बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटींतलं पुष्कळसं दुसरीकडे सापडेल. पण आईच्या ओव्या नेटवर नाहीत, त्या फक्त तुमच्या घरात आहेत.

आमचं घर तेव्हा कलिन्याला तळमजल्यावर होतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आमच्या घरात कमरेएवढं पाणी. बाबांच्या कॅसेटी पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. दोन दिवसांनी ट्रंक उघडली तर प्रत्येक कॅसेटच्या छोट्या खिडकीत चिखल दिसत होता, चाकं फिरेनात. त्यात आत्याचं गाणं होतं, चाळीतल्या गणपतीत बाबांनी टेप केलेलं. त्यातली एकच कॅसेट वाचली कारण ती चुलत भावाने ऐकायला नेली होती.

म्हणून शिफ्टिंगच्या आधी तेवढं करा. घरच्या चार कॅसेटी वेगळ्या काढा, बाकीच्या नंतर. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराकडे द्या. ठीक असेल तर आत जो छोटा स्पंजचा तुकडा असतो तो जागेवर आहे का बघा, मग पूर्ण पुढे नि पूर्ण मागे एकदा फिरवा म्हणजे चिकटलेली टेप सुटते. कॅसेट डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन इनमध्ये वायर जोडा आणि वेव्ह (न दाबलेली) फाइल करा, सीडीच्या दर्जाची. मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला सहाशे एमबी, आणि वेळ पण साठच मिनिटं, त्याला शॉर्टकट नाही. मुलाला शेजारी बसवा. दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी ठेवा.

आणि सुरू करण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना जे छोटे प्लॅस्टिकचे टॅब असतात ते मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आईचा आवाज पुसला जाणार नाही.