अफगाणिस्तानातून आलेली ‘नकली’ मार्टिनी-हेन्री रायफल विकत घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातला एक माजी सैनिक काबूलहून आणलेली जुनी मार्टिनी-हेन्री (एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश सैन्याची रायफल) विकतोय, जाणकारांनी ती ‘खैबर पास कॉपी’, म्हणजे सरहद्दीवरच्या कारागिरांनी हाताने घडवलेली नक्कल, म्हणून नाकारली, आता तो ती स्वस्तात द्यायला तयार आहे. घ्यावी का, आणि उडवता येईल का?

घ्या. पण उडवू नका. घेतली नाहीत तर काही बिघडत नाही, उडवलीत तर बिघडू शकतं.

माझ्याकडे अशा चार नकला आहेत. पहिली मी अस्सल समजून घेतली होती. इथे ओहायोत एका शस्त्रमेळ्यात एका विक्रेत्याने ती ‘मैवंदच्या लढाईतली’ म्हणून माझ्या गळ्यात मारली. मैवंद म्हटल्यावर मी पाघळलोच. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानातल्या या गावी अफगाण सरदार अयुबखानाने ज्या ब्रिटिश फौजेची धूळधाण उडवली, तिच्यात आपल्या मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स. भावनेच्या भरात हे विसरलो की त्या देशी पलटणींच्या हाती स्नायडर, म्हणजे मार्टिनीच्या आधीच्या रायफली, होत्या. १८५७ नंतर देशी शिपायाला एक पिढी जुनं हत्यार द्यायचं, हे सरकारचं धोरणच होतं. मार्टिनी होत्या त्या फक्त गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे.

घरी येऊन टेबलावरच्या दिव्याखाली धरली आणि कळलं. उजव्या बाजूला राणीचा मुकुट असतो, तो कोबीच्या गड्ड्यासारखा दिसत होता. खाली ‘व्ही आर’, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं. त्याखाली ‘एनफील्ड’ हे इंग्लंडमधल्या सरकारी कारखान्याचं नाव, त्यातला एन आरशात पाहिल्यासारखा उलटा. आणि साल १९०७! व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईच्या नावाने रायफल कोण बनवेल?

दोन दिवस विक्रेत्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन पुन्हा बसलो. अस्सल रायफलीवर हा मजकूर तयार ठशांनी उठवलेला असतो, अक्षरं एका उंचीची, एका ओळीत. माझ्या रायफलीवर प्रत्येक अक्षर बारीक छिन्नीने, टिंबाला टिंब जोडत कोरलेलं आहे. मोडी न येणाऱ्या माणसाने मोडीतला कागद गिरवावा तसं. त्याला ते वाचायचं नव्हतंच. तो चित्र काढत होता, आणि चित्र म्हणून फारच मन लावून काढत होता. सरकारी मालावरची बाणाची खूणसुद्धा त्याने सोडलेली नाही. त्या दिवसापासून मला अस्सल रायफलींचा कंटाळा आला म्हणा ना. अस्सल पाहिली की कारखाना दिसतो, नकलीत माणूस दिसतो.

नाव खैबरचं असलं तरी यातला बराचसा माल खैबर खिंडीतला नाही. तो पेशावरच्या दक्षिणेला, कोहाटच्या वाटेवरच्या दर्रा आदमखेलचा. तिथे आफ्रिदी कारागीर पिढ्यानपिढ्या बंदुका घडवत आलेत. कोहाटचा रस्ता उघडा ठेवावा म्हणून इंग्रज सरकार आदमखेल आफ्रिदींना वर्षासन देई, त्यामुळे या धंद्याकडे काणाडोळा व्हायचा. मस्कतहून मकरान किनाऱ्यामार्गे चोरट्या बंदुका सरहद्दीवर येत. १९१० च्या आसपास ब्रिटिश आरमाराने आखातात त्यांची वाट अडवली, आयात मालाचे भाव चढले आणि दर्रावाल्यांचं फावलं. छावण्यांतून रायफली चोरीला जायच्या त्या वेगळ्याच. शिपाई रायफल साखळीने स्वतःला बांधून झोपत, इतकी त्या भागात तिची किंमत. मग नक्कल का नाही होणार?

मार्टिनी नकलेला सोयीची पडली, कारण तिच्यात भाग कमी. स्वित्झर्लंडमधल्या फ्राउएनफेल्डच्या मार्टिनीची यंत्रणा आणि एडिनबराच्या हेन्रीने आखलेले नळीतले पीळ मिळून ती १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्यात आली. खालचा दांडा ओढला की मधला ठोकळा खाली झुकतो, काडतूस घालायचं, दांडा मिटायचा, बस्स. पुढे ली-एनफील्ड या नंतरच्या ब्रिटिश रायफलीच्याही नकला झाल्या, पण मला त्यांचं फारसं वेड नाही.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या रायफलीत काय बघायचं? अक्षरं सांगितलीच. त्याहून बोलके स्क्रू. कारखान्यातला स्क्रू एका रायफलीतून काढून दुसरीत बसतो. नकलीतला प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या भोकासाठी हाताने बनवलेला, आटे त्याचे त्यालाच ठाऊक. डोक्यावरची खाच मधोमध नसते. चापाच्या कड्यापाशी किंवा यंत्रणेच्या पेटीच्या कोपऱ्यात पितळेने जोडल्याची पिवळी रेघ दिसते का पाहा. नळीचं तोंड समोरून बघा. माझ्या एका रायफलीत भोक इतकं सरकलंय की एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा ठळकपणे जाड आहे. आतले पीळ उथळ, कधी नुसते तोंडापाशी दाखवण्यापुरते. आणि एक लक्षात ठेवा, सगळंच नकली असेल असं नाही. मोडीत काढलेल्या अस्सल रायफलीची नळी आणि बाकी सगळं बाजारात घडवलेलं, अशी खिचडीही सापडते.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टर्नर होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना ही १९०७ वाली दाखवली. वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, “ते कडेचं सपाट जवळ घे.” बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “कानस चांगली चालवलीय रे. एकाच दिशेने मारलीय बघ, कुठे लाट नाही. पण पोलाद भंगारातलं असणार, हे कडक केलेलं नाही.” आणि वर, “उडवायचा शहाणपणा करू नकोस.”

न उडवण्याचं कारण नेमकं हेच. मूळ काडतुसात ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम) काळी दारू आणि ४८० ग्रेनची (साधारण ३१ ग्रॅम) शिशाची गोळी. तो दणका सोसायला पोलादाचा दर्जा, त्याचं पाणी आणि काडतुसाच्या खोबणीचं माप, तिन्ही बरोबर लागतात. नकलीत तिन्हींचा भरवसा नाही. ठोकळा धरून ठेवणारी खीळ मऊ निघाली तर सगळा जोर मागे येतो, आणि मागे तुमचा गाल असतो. “पण पठाण वापरत होतेच ना?” असं मला हमखास विचारतात. वापरत होते, नवी असताना आणि स्वतःच्या जबाबदारीवर. शंभर वर्षांचा गंज आणि आतल्या न दिसणाऱ्या भेगा त्यांच्या वाट्याला नव्हत्या.

‘अफगाण’ म्हणजे सरसकट ओबडधोबड असंही धरून चालू नका. अफगाणिस्तानचा राजा अमीर अब्दुर रहमानने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काबूलला इंग्रज इंजिनिअरच्या मदतीने यंत्रांचा कारखाना उभारला होता, माशीनखाना. तिथल्या मार्टिनी नीटनेटक्या असतात आणि त्यांच्यावर मशिदीचं चिन्ह असतं. ते दिसलं तर भाव करत बसू नका. नेपाळच्या मार्टिनीही अशाच वेगळ्या, त्यांच्यावर देवनागरी असते. इथले अमेरिकन मित्र मला त्यांचे फोटो पाठवून वाचून मागतात, तेव्हा उगाच पंडित झाल्यासारखं वाटतं. साल विक्रम संवतातलं असतं, साधारण ५७ वजा करायचे.

कायद्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र पुरातन धरतात. पण नकलीवर कोरलेलं साल हेच मुळी खोटं. १८७८ लिहिलेली रायफल १९२५ ची असू शकते. सहकाऱ्याला सैन्यातून ती आणताना मिळालेले कागद मागा, आणि परवानाधारक विक्रेत्याला दाखवूनच व्यवहार करा. राज्याचे नियम वेगळे असू शकतात. पुढेमागे पुण्याला न्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

किमतीबाबत माझं गणित उलटं आहे. नक्कल जितकी बेमालूम, तितका मी कमी पैसा देतो. उलटा एन, चुकलेलं साल, कोबीचा मुकुट असेल तर खुशाल दोन पैसे जास्त द्या. शिंपल्याची नक्षी आणि पितळी खिळे ठोकून चकचकीत केलेल्या दिसल्या तर सावध, त्यातल्या बऱ्याच पर्यटकांसाठी बनवलेल्या असतात. आणि घेतलीत तर एक करा, स्क्रू काढण्याआधी कुठला कुठे होता ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. माझ्या दुसऱ्या रायफलीचे दोन स्क्रू मी अदलाबदल करून बसलो, ते अजून परत बसलेले नाहीत.