म्युनिक की लहान गावातली होखशूले? मिरजेहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तुझा मेसेज दोनदा वाचला. वालचंदमधून मेकॅनिकल, सीजीपीए 7.5, दोन वर्षं कुपवाड एमआयडीसीत पंपांच्या डिझाइनचं काम, आणि आता जर्मनीत मास्टर्स. यादीत दोनच नावं उरलीत: म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठ आणि एका लहान गावातली होखशूले, म्हणजे संशोधनापेक्षा प्रत्यक्ष कामावर भर देणारी उच्चशिक्षण संस्था. कन्सल्टंट म्हणतो, जगातल्या पहिल्या दोनशेच्या बाहेर जायचंच नाही, आणि बाबा त्यासाठी उसाचं रान गहाण टाकायला निघालेत. तू विचारलंस, "ताई, रँक किती मनावर घ्यायची?" रान गहाण पडणार असेल तर सविस्तरच सांगते.

रँक ही कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असते, आणि तो प्रश्न बहुतेक वेळा तुझा नसतो. शांघाय रँकिंग 2003 साली सुरू झालं ते चिनी विद्यापीठं जगाच्या तुलनेत कुठे आहेत हे पाहायला. त्यात 30 टक्के गुण नोबेल आणि फील्ड्स पदकांचे: 10 टक्के माजी विद्यार्थ्यांना मिळालेल्या, 20 टक्के प्राध्यापकांना मिळालेल्या. मग 'नेचर' आणि 'सायन्स'मधले पेपर, सर्वाधिक उद्धृत संशोधक वगैरे. वर्गात कसं शिकवतात याला त्यात थेट जागाच नाही. क्यूएस या दुसऱ्या जागतिक रँकिंगमध्ये 30 टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मताला आणि 15 टक्के कंपन्यांच्या मताला. म्हणजे जवळजवळ निम्मी रँक नावलौकिकाची. जुन्या, मोठ्या आणि इंग्रजीत पेपर छापणाऱ्या संस्थांना त्यात आपोआप झुकतं माप मिळतं.

आकडेही विद्यापीठंच पुरवतात. 2022 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्याच मायकल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकाने आपल्या संस्थेने दिलेले आकडे तपासले आणि ते चुकीचे असल्याचं जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी तिथल्या देशांतर्गत रँकिंगमध्ये कोलंबिया दुसऱ्या नंबरवरून अठराव्यावर आलं. शिकवणारे तेच, वर्ग तेच, ग्रंथालय तेच. कागदावरचा नंबर तेवढा सोळा पायऱ्या उतरला.

जर्मनीत आणखी एक भानगड आहे. इथलं बरंचसं मोठं संशोधन माक्स प्लांक आणि फ्राउनहोफर अशा स्वतंत्र संस्थांत चालतं, आणि ते सगळं काही विद्यापीठांच्या खात्यात जमा होत नाही. होखशूले तर वेगळ्याच कामासाठी काढलेल्या, 1970च्या आसपास, उद्योगांना हाताने काम येणारे इंजिनिअर मिळावेत म्हणून. तिथे प्राध्यापक व्हायला साधारण पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यातली किमान तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची. पंप शिकवणारा माणूस पंपाच्या कारखान्यात राबलेला असण्याची शक्यता तिथे खूप. पण पेपर कमी, त्यामुळे जागतिक यादीत नावच नाही. यादीत नसणं आणि वाईट असणं एक नव्हे, हे बाबांना नीट समजावून सांग.

मी 2015 मध्ये आले तेव्हा रँकच पाहिली होती. विद्यापीठाचं नाव मोठं, घरी पेढे वाटले. पोचल्यावर कळलं की ज्या विषयासाठी आले होते तो शिकवणारे प्राध्यापक निवृत्त झालेत आणि निम्मे ऐच्छिक विषय जर्मनमध्ये आहेत. माझं जर्मन तेव्हा भाजी आणण्यापुरतं. एक अख्खं सेमिस्टर वाया गेलं, आणि आईच्या पाटल्या मोडून भरलेल्या पैशातला मोठा वाटा त्यात गेला. ते मला आजही लागतं, म्हणून तुला इतकं तळमळीने लिहितेय.

आपल्या सांगलीच्या पेठेत हळकुंड मोडून आतला रंग बघतात. तसं तू मोडूलहांडबूख उघड. प्रत्येक अभ्यासक्रमाची ही पुस्तिका साइटवर फुकट असते: विषय, त्याचे क्रेडिट, कोण शिकवतं, कुठल्या भाषेत, परीक्षा लेखी की प्रकल्प. त्यात पंप, प्रवाहयंत्रं, सीएफडी (संगणकावर प्रवाहाचं गणित) किती आहे ते मोज. त्या प्राध्यापकाच्या पानावर जाऊन मागच्या दोन वर्षांतले थीसिस कुठल्या कंपन्यांबरोबर झाले ते बघ. फ्रँकेनथालला केएसबी, डॉर्टमुंडला विलो हे पंपवाले आहेत. त्यांच्याकडे तुझी कुपवाडची दोन वर्षं मोलाची ठरतील. विषयवार तुलना हवी असेल तर इथलं सीएचई रँकिंग बघ. ते संस्थेला एकच नंबर देत नाही, विषयागणिक गट पाडतं.

आता पैसा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे मी राहते त्या श्टुटगार्टकडे, 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला दर सेमिस्टरला 4,000 ते 6,000 युरो लावलेत. चार सेमिस्टरचे 16 ते 24 हजार. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी व्हिसाआधीच खात्यात अडकवून ठेवायचे, वर्षाला 11,904 युरो वेगळेच. तुझं रान त्या फीत जाणार आहे, जर्मनीत नाही.

रँक अजिबात बघू नको असं मी म्हणत नाही. पीएचडी करायची असेल तर मोठं विद्यापीठ बरं, कारण होखशूलेंना स्वतंत्रपणे पीएचडी द्यायचा अधिकार सहसा नसतो. आणि परदेशातली पीएचडी घेऊन परत येऊन कॉलेजात शिकवायचं असेल, तर यूजीसीच्या 2018 च्या नियमांत पहिल्या 500 विद्यापीठांची अट लिहिलेली आहे, तिथे रँकच कामाला येते. तू मात्र लिहिलंस की कारखान्यातच राहायचंय. मग तुझ्यासाठी होखशूले पुढे, असं माझं स्पष्ट मत आहे, तिच्या पुस्तिकेत तुझे विषय सापडले तर.

कन्सल्टंटने एखादं खासगी कॉलेज पुढे केलं तर आधी अनाबिन या जर्मन सरकारी यादीत त्याला एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त असा शेरा, आहे का बघ. आणि "तुझ्या मार्कांना मिळणार नाही" म्हणाला तर तुझे मार्क जर्मन श्रेणीत (तिथे 1 सगळ्यात चांगली) बसवायचं गणित घरी कर: 10 मधून 7.5 वजा, भागिले 10 वजा पासची किमान श्रेणी, गुणिले 3, अधिक 1. पासला 4 लागत असतील तर तुझे 2.25 येतात. बऱ्याच ठिकाणी 2.5 पर्यंत चालतं.

एपीएसचा, म्हणजे जर्मन दूतावासाकडून कागदपत्रं तपासून घ्यायचा, अर्ज या आठवड्यातच टाक, प्रमाणपत्र यायला वेळ लागतो आणि त्याशिवाय व्हिसा नाही. दोन्ही ठिकाणची पुस्तिका उतरवून तुला घ्यावेसे वाटणारे सहा-सात विषय लिहून मला पाठव. रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बसू, बाबांनाही बसव. तोवर गहाणखतावर सही करू नका म्हणावं.