सायकलच्या हँडलसाठी पहिली बार-टेप कोणती घ्यावी?

बार-टेप म्हणजे सायकलच्या वळणदार हँडलवर पकडीसाठी गुंडाळायची पट्टी. पहिल्यांदाच गुंडाळताय ना? मग कॉर्क मिसळलेली, साधारण २.५ मिमी जाडीची ईव्हीए (फोमसारख्या मऊ प्लास्टिकची) टेप घ्या. स्वस्त असते, मऊ असते आणि थोडी ताणली जात असल्याने हँडलच्या वळणावर नीट बसते. फक्त जोरात ओढू नका, फाटते.

पुण्याच्या पावसातही रोज सायकल काढणार असाल किंवा तळहाताला खूप घाम येत असेल, तर पीयू (पॉलीयुरेथेन) टेप बरी. पाणी पीत नाही, ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छ. कापडी टेप दिसते छान, पण पातळ. खड्ड्यांचे हादरे थेट मनगटात जातात. चामड्याचा विचार आत्ता नकोच. हात लहान असतील तर ३ मिमीच्या वर जाऊ नका, पकड नीट बसत नाही. आणि पांढरा रंग जून ते सप्टेंबर अजिबात नको!

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- जुना गोंद न काढताच नवी टेप लावणे. आधी स्पिरिटने पुसा.
- वरून सुरुवात करणे. मग हाताच्या दाबाने कडा उलगडतात. खालच्या टोकापासून सुरू करा. सीटवरून पाहताना उजवीकडे घड्याळाच्या दिशेने, डावीकडे उलट. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश चढवा.
- ब्रेकच्या हुडमागे (ब्रेक लिव्हरच्या बुडावरच्या रबरी आवरणामागे) हँडलचा धातू उघडा राहणे. तिथे छोटा तुकडा आधीच चिकटवा.
- हँडलच्या टोकाचे प्लग (बुचे) न बसवणे. पडल्यावर उघडी नळी पोटात किंवा मांडीत घुसू शकते, त्यामुळे प्लगशिवाय सायकल बाहेर काढूच नका.