कॅज्युअल्टीतली पोस्टिंग : विद्यार्थ्यांचे प्रश्न

प्रश्न : वॉर्डात हिस्ट्री (रुग्णाची विचारपूस), तपासणी, मग निदान असं शिकवलं. कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) सगळं उलटंच चालतं. गोंधळ होतो.

उत्तर : होणारच. वॉर्डातला प्रश्न असतो, ‘याला काय झालंय?’ इथला प्रश्न, ‘याचा जीव आत्ता कशानं जाऊ शकतो?’ म्हणून एबीसीडीई : श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदू आणि शेवटी कपडे काढून सगळं अंग पाहणं. जे बिघडलेलं सापडेल ते तिथंच सावरायचं, मगच पुढचं अक्षर. बेशुद्ध रुग्णाची साखर बघायला रक्ताचा एक थेंब पुरतो. ती न बघता कुणी त्याला सीटी स्कॅनला धाडलं की मला राग येतो. छातीत दुखत असेल तर ईसीजी १० मिनिटांच्या आत, गप्पा तो निघत असताना. अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी) वाटला तर प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीचं नेहमीचं औषध) शोधत बसू नका. म्हणून हिस्ट्री बिनकामाची असं मात्र नाही. पोटात दुखणाऱ्या तरुणीला पाळीबद्दल विचारलं नाही, तर एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ) हातची सुटते. (ती काहीही म्हणाली तरी प्रेग्नन्सी टेस्ट कराच.)

प्रश्न : मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देणं, जमतो. खऱ्या रुग्णावर जमेल?

उत्तर : मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते वेगळंच. छाती पूर्ण वर येऊ देत नाहीत, आणि दमलोय हे कबूल करत नाहीत. दाब उथळ होत गेलेले करणाऱ्याला कळतही नाहीत, म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. आणि अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे.

प्रश्न : सीनियर धावपळ करतात, मी भिंतीला चिकटून उभा. काय करू?

उत्तर : सीपीआर चालू असेल तर वेळ लिहा. शेवटचं अ‍ॅड्रेनॅलिन कधी दिलं हे त्या गडबडीत हमखास विसरलं जातं, आणि पुढचा डोस ३ ते ५ मिनिटांनी असतो. मोठ्यानं सांगत राहा. एखादं काम सांगितलं तर ते उच्चारून परत म्हणा, झाल्यावर ‘झालं’ म्हणा. ड्युटी सुरू होतानाच सक्शन (घशातला स्राव ओढायचं यंत्र), अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र) कुठं आहेत ते पाहून, हाताळून ठेवा.

प्रश्न : सिनेमात मॉनिटरवर सरळ रेषा आली की शॉक देतात. बरोबर?

उत्तर : परीक्षेत लिहू नका. शॉक व्हीएफला (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात) आणि नाडी नसलेल्या व्हीटीला (ते कप्पे अतिवेगानं धडधडतात). सरळ रेषा दिसली तर लीड (रुग्णाला जोडलेली मॉनिटरची वायर) सुटलेली नाही ना ते बघा, आणि तेवढ्यात दाब थांबवू नका.